काचेचा कोंबडा आमचा नाही

मंडळी, आमच्या घरात चष्मा पुसायचं मऊ फडकं कधीच जागेवर नसतं. या घोर अन्यायाविरुद्ध मी आज सकाळी आवाज उठवला, तेव्हा सौभाग्यवतींनी शांतपणे कपाटाकडे बोट दाखवलं. फडकं इटालियन कोंबड्याच्या मानेवर होतं.

हा लाल तुऱ्याचा कोंबडा फुंकलेल्या काचेचा. निजामाचं संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर दहा-बारा वर्षांनी आमचे शेजारी करीमचाचा कळंब सोडून मुलाकडे हैदराबादला निघाले. कोंबडा माझ्या वडिलांच्या हाती देत म्हणाले, "मास्तर, मोटारीत फुटंल. अमानत म्हणून ठेवा, येऊन नेतो."

संस्कृतात याला न्यास म्हणतात. वडील अखेरपर्यंत अमानतच म्हणाले. पुढं मी त्याची शेपटी तोडली. बांगड्यावाल्या मामांनी ती लाखेनं चिकटवली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आज दुपारी लातूरहून जुन्या काचेचे एक जाणकार आले. भिंगातून तळ न्याहाळून म्हणाले, "नळी मोडल्याची खूण हाय, म्हंजे हातानं फुंकलेला, माल अस्सल. लाखेनं किंमत उतरली, तरी चांगला भाव देतो."

"मालक यायचेत," मी म्हणालो.

"कवा गेलेत?"

"माझ्या मुंजीच्या आधी."

ते लई हसले. मीही हसलो.

हैदराबादेत चाचांची नातवंडं कुणाच्या ओळखीची असतील, तर कळवाल का? जरा घाई आहे. भाव ऐकून क्षणभर तो कोंबडा मला आमचाच वाटला. मी तर चाचांच्या मांडीवर बसलेलो. ज्यांनी त्यांना पाहिलंच नाही, त्या माझ्या मुलांना उद्या काय वाटेल, याची मला खरंच काळजी वाटते.