आधी तोंड दाखव

आमच्या दिग्रसला उन्हाळा असो की हिवाळा, गाडीवर बसणारी पोरगी तोंडाला स्कार्फ बांधते. डोळे तेवढे उघडे. ऊन लागतं म्हणतात, धूळ उडते म्हणतात. कोणी ओळखू नये, हे कारण मात्र कोणी बोलून दाखवत नाही. माझ्या मेडिकलच्या काउंटरवर असे नुसते डोळे यायचे आणि हळूच एका गोळीचं नाव घ्यायचे. संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली, ती गोळी. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पण मी माझा वेगळाच कायदा केला होता. म्हणायचे, "आधी स्कार्फ सोड. तोंड दाखव, मग गोळी."

बहुतेक डोळे तिथूनच मागे फिरायचे. मला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची आज लिहितानाही लाज वाटते.

आमच्या कॉलनीत बायांची भिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी कचोरी, चहा आणि गावभरच्या पोरींचा निकाल.

"मोबाईलनं पोट्ट्या बिघडल्या होत्याच, या गोळ्यानं उरलंसुरलं गेलं."

"भेवच राह्यलं नाही व. पहिले पोटाचं तरी भेव होतं."

"पण मॅडमच्या दुकानात नाही चालत बरं! तिथं पहिले मुखदर्शन लागते."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. एक शाळेत शिकवणारी बाई होती, ती हसायची नाही. ती गंभीरपणे म्हणायची, "चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळालीच नाही पाहिजे. सरकारनं बंद केली पाहिजे." तिचे मिस्टर मधूनमधून माझ्या दुकानापाशी येत, गाडी बंदही न करता तीच गोळी घेऊन जात. मी ती कागदात गुंडाळून द्यायचे. त्यांना कधी मी हेल्मेट काढायला लावलं नाही. आणि सांगायचंच तर सगळं सांगते: मी स्वतः ती गोळी घेतली आहे, माझ्याच दुकानाच्या ड्रॉवरमधून, एकदा नाही. लग्न झालेलीचं ते शहाणपण, आणि बिनलग्नाच्या पोरीचं ते पाप. हा हिशोब मला कधी चुकीचा वाटला नाही. कोणालाच वाटला नाही.

मागच्या गल्लीत माझे ब्लाउज शिवणारी बाई राहायची. तीही भिशीत होती. तिची मोठी पोरगी बारावी झालेली, एकोणीस वर्षांची. यवतमाळला नर्सिंगला जायचं म्हणून तिची धडपड चालली होती. माझ्या काउंटरवर हात टेकून गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं वाचायची, "काकू, हे कशावर देतात?" असं विचारत बसायची. मला तिचं कौतुक होतं. खोटं नाही सांगत.

एका दुपारी माझे मिस्टर जेवायला गेलेले, दुकानात मी एकटी. ती आली आणि मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच स्कार्फ सोडला. कायदा ठाऊक होता तिला. आईनंच घरी हसत सांगितला असेल.

"काकू, ती गोळी पाहिजे."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बाकीच्या मेडिकलवर बाबांचे दोस्त बसतात. तुम्ही बाईमाणूस आहे म्हणून आली."

"आईले पाठव."

"आईले कशी पाठवू व, काकू?"

"मग असे धंदे कायले करता?"

ती खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "माझा नर्सिंगचा फॉर्म भरायचा हाये. द्या ना."

"संपल्या."

"तुमच्या मागंच दिसून राह्यल्या, काकू."

मी मागे वळूनही पाहिलं नाही. "संपल्या म्हटलं ना."

तिनं स्कार्फ परत बांधला. गाठ लवकर बसेना. मी ते बघत उभी राहिले. पुसदला जाऊन घेतली असती तिनं. पण एकटी पुसदला कशाला, हे घरी काय सांगणार?

इथवर झालं ते निदान आमच्या दोघींत होतं. पुढच्या भिशीत कचोरी खाता खाता माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, "आता तं आपल्या मागच्याच गल्लीतल्या पोट्ट्या मागून राह्यल्या. अन् म्हणे नर्स व्हायचं हाये!"

नाव घेतलं नाही. त्या गल्लीत नर्स व्हायचं असलेली पोरगी एकच होती. तिची आई तेव्हा चहा ओतत होती. ओतणं तिनं थांबवलं नाही.

पोरीचा मोबाईल गेला, बाहेर पडणं बंद झालं, फॉर्मची तारीख निघून गेली. दिवस राहिलेच होते. तिला यवतमाळला दवाखान्यात नेऊन मोकळं करून आणलं, हे मला कळलं कारण नंतरची औषधं घ्यायला तिची आई माझ्याच काउंटरवर आली. मी ती पिशवीत भरली, तिनं ती उचलली. दोघींनी मान वर केली नाही. दिवाळीच्या आत लग्न लावून पोरीला नेर गावाकडे देऊन टाकलं.

भिशीत निकाल ठरलेलाच होता. "पाहा, गोळ्या खाण्याचे परिणाम!"

तिला गोळी मिळालीच नव्हती, हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी कचोरी खात राहिले.

त्यानंतर काउंटरवर मी विचारणं सोडलं. डोळे येतात, गोळी मागतात, मी देते, कशी घ्यायची ते सांगते. यात मोठेपणा काही नाही. फार उशिरा आलेली अक्कल आहे.

या वर्षी ती पोरगी माहेरी आली होती. लेकराला ताप होता, सिरप घ्यायला दुकानात आली. मी म्हटलं, "माफ कर, बाई."

"कायची माफी, काकू? गोळी नाही देली त्याची, का भिशीत सांगतलं त्याची?"

"दोन्हीची."

"मले माफी घेऊन काय करायचं हाये? गोळ्या खाऊन खराब झालेली पोरगी म्हणून सासरी बोलतात मले. इथूनच गेलं ना ते तिथं? सांगायचंच असन तं भिशीत सांगा."

लेकरू रडायला लागलं. सिरप किती द्यायचं ते तिनं विचारलं, मी सांगितलं, ती गेली.

पुढची भिशी शिक्षिकेच्या घरी होती. पोरीची आई तर केव्हाच भिशी सोडून गेलेली. मी बसल्या बसल्याच बोलले. त्या पोरीनं कोणतीही गोळी खाल्ली नव्हती, ती मागायला आली होती, माझ्याकडे होती आणि मी खोटं बोलून तिला परत पाठवलं, मग इथं येऊन तुम्हाला हसवलं, असं सगळं सांगितलं.

मग शिक्षिकाबाईंनी मान हलवली.

"नाही देली ते बरंच केलं तुम्ही, मॅडम," त्या म्हणाल्या. "घ्या, कचोरी थंडी होऊन राह्यली."