सावित्रीने विचारलेला अर्थ

अर्नाळ्याची सावित्री तोंडाची भारी फटकळ. मासळीच्या पाटीपुढे भाव पाडून मागणाऱ्या विरारच्या फ्लॅटवाल्यांना ती उभं-आडवं घेते. पण त्या सकाळी तिच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. तिचा नवरा धर्मा चार खलाशांसह समुद्रात होता आणि दोन दिवस बोटीचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात मच्छीमार सोसायटीच्या फोनवर एका जहाजाचा इंग्रजी निरोप जागेच्या आकड्यांसकट आला: ‘बोट ड्रिफ्टिंग, फाइव्ह अबोर्ड.’ निरोप वाचायला बोलावलेल्या शेजारच्या इशिताला ड्रिफ्ट ठाऊक ते मोबाईलच्या खेळातलं, गाडी आडवी घसरवतात ते. पोरगी गडबडली आणि म्हणाली, ‘‘बोट वाहून गेली.’’

झालं! वाहून गेली म्हणजे संपलंच की. बाया जमल्या. एक म्हातारी बांगड्या वाढवायचं कुजबुजली. आपली भाषाही बघा, फोडायच्या आणि म्हणायचं वाढवायच्या! तरी सावित्री उठली आणि त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायला निवृत्त शिक्षक विद्याधर सरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

सरांनी जाडजूड शब्दकोश काढला. ड्रिफ्ट म्हणजे वाऱ्यापाण्याबरोबर आपसूक जात राहणं, त्यांनी सांगितलं. वाट सोडून भरकटलेल्या माणसालाही इंग्रज हाच शब्द लावतो. मूळ मात्र ‘ड्राइव्ह’चंच, म्हणजे हाकणं.

‘‘बुडनं नाय ना त्यात?’’

‘‘नाही. बुडायला वेगळा शब्द आहे.’’

‘‘मंग हाकतंय कोन?’’

सरांनी पुन्हा शब्दकोशात डोकं घातलं. उत्तर तिलाच ठाऊक होतं, दोन दिवस वारा उत्तरेचा होता. तिने तडक सोसायटी गाठली आणि शोधायला निघालेल्यांना बजावलं, की निरोपातल्या जागी घुटमळू नका, खाली दक्षिणेला जा. ते गेले.

संध्याकाळी धर्माची बोट दोराने ओढत आणली. मशीन बंद, पण पाचही जण जिवंत! काय छातीची बाई, म्हणून गाव सावित्रीचं कौतुक करू लागलं.

घरी धर्मा घटाघटा पाणी प्यायला आणि त्याने तिच्या मनगटांकडे बघितलं. ‘‘बांगड्या कुठं गेल्या?’’

दुपारी भीतीने सरांचा शब्दकोश खोटा वाटायला लागला, तेव्हा सावित्रीने स्वतःच एकेक बांगडी उतरवली होती, दुसऱ्या कुणी फोडू नये म्हणून. तिने तांदळाच्या डब्यातून त्या काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

‘‘तुमीच घाला,’’ ती म्हणाली. तिने दोन्ही मनगटं पुढे केली.