पाहुण्यांना तुटक ठेव

आता माझी अक्कल किती, ते तुमचा चहा संपायच्या आत सांगून टाकतो.

माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. विषय, लोणी काळभोरच्या विहिरींचं पाणी. परीक्षक पुण्यातलेच एक निवृत्त प्राध्यापक. याच विहिरी त्यांनी पूर्वी मोजलेल्या, आणि माझे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळत नव्हते!

एकाच आलेखात दोघांच्या रेषा दाखवायच्या होत्या. मी माझ्या रेषेची आज्ञा कॉम्प्युटरला दिली, तीच ओळ कॉपी करून खाली चिकटवली, फक्त आकडे बदलले. झालं काम!

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाईंचा मेसेज आला. बाई बोलतात भरपूर, पण लिहिताना शब्द विकत आणल्यासारखे वापरतात. 'उद्या पाहुण्यांना तुटक ठेव. आपण ठळक. रंग वेगळा दिसला पाहिजे.'

मला वाटलं, आकड्यांवरून बाईंचं आणि परीक्षकांचं बिनसलेलं दिसतंय. आता मी अकोल्याचा. आमच्याकडे पाहुण्याशी तुटक वागलं तर आई घरात घेणार नाही! पण बाईंची सही नसेल तर पदवी कसली? ठरवलं, उद्या रंग दाखवायचाच.

सकाळी सर जिना चढून वर आले.

"हॉल कुठे?"

"पुढे."

"लिफ्ट नाही का?"

"आहे. बंद."

"चहा मिळेल?"

"खाली."

इतका उद्धटपणा मी जन्मात केला नव्हता.

परीक्षा सुरू झाली. पडद्यावर आलेख आला. सर पुढे वाकले.

"यातली माझी रेषा कोणती?"

"दिसतेय की."

"दोन्ही निळ्या आहेत. दोन्ही सलग. तुमची तरी कोणती?"

मी वळून पाहिलं. शप्पथ सांगतो, मलाही ओळखता येईना!

"एक तुमची, एक माझी," मी म्हणालो.

बाई ताडकन उठल्या. "अरे, पाहुण्यांना तुटक ठेव म्हणून कळवलं होतं ना?"

"ठेवलं ना बाई! सकाळपासून एक शब्द जास्तीचा बोललो नाही!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "रेषा रे, रेषा! त्यांची तुटक, तुझी ठळक!"

तिथल्या तिथे सरांची रेषा लाल आणि तुटक केली, माझी निळी आणि ठळक.

"हां," सर म्हणाले, "आता कळतंय, कोण चुकलंय ते." कोण, ते काही बोलले नाहीत. पण सही केली!

मला राहवेना. हात जोडून म्हणालो, "सर, माफ करा. सकाळी मी तुमच्याशी फार तुटक वागलो."

सरांनी चष्मा काढला. "सकाळी? छे हो! मी तर बाईंना म्हटलं, मुलगा हुशार दिसतोय, पण बडबड्या आहे."