गोणपाटावरचे हात

दीक्षा घेतल्यावर मायनं कोनाड्यातले देव नदीत सोडले, पण दिवेलागणीला तिचा हात त्या रिकाम्या कोनाड्याकडं जायचाच. मग ती उगाच तिथली धूळ पुसायची. वस्तीला वैशाख पौर्णिमेसाठी बुद्धाचं मोठं चित्र हवं होतं. मी दारव्ह्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

कॅनव्हास कुठून आणणार? सरकीचं पोतं उसवलं, त्यावर मैद्याच्या खळीनं जुनी वर्तमानपत्रं थापली. मायचं जुनं लुगडं पळसफुलांच्या पाण्यात रंगवलं आणि चुण्या पाडून चीवर म्हणून चिकटवलं. अंगाला गेरू, केसांना काजळी. पण चेहरा काही जमेना. कधी तो तहसीलदारासारखा दिसायचा, कधी नुकत्याच जेवून उठलेल्या माणसासारखा. चारदा खरवडून काढला. जेवणात लक्ष नाही, झोप नाही, वर्गात पोरांवर विनाकारण खेकसायचो.

हात तेवढे पहिल्याच फटक्यात उतरले होते. हिवाळ्यात माय बोंडांतला कापूस काढत बसायची, तेव्हा तिच्या नकळत मी तिचे हात कागदावर काढून ठेवले होते. टोकं लागून चिरलेली बोटं, जरा वाकडा अंगठा. तेच हात बुद्धाच्या मांडीवर एकावर एक ठेवले. कुणाला सांगितलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी चेहरा एकदाचा साधला. चित्र भिंतीला टेकवून मी आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर कपाळावर कुंकवाचा टिळा, आणि माय घाईघाईनं तो पदरानं पुसतेय. गेरू ओला होता. टिळ्यासोबत एक डोळा आणि निम्मं नाक पदरात आलं.

"हात आपसूकच गेला रे बापू," ती म्हणाली. "आपण हे सोडलं, मले समजते. पण हात गेला."

माझं डोकं फिरलं. "तुह्या या हातायनं सारा सत्यानाश केला," मी म्हणालो.

ती पदर धुवायला निघून गेली.

संध्याकाळपर्यंत मी चेहरा पुन्हा उभा केला. पोत्याच्या विणीत मुरलेलं कुंकू काही निघालं नाही, ते गेरूखाली दडपलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीनं चित्रापुढं हात जोडले. पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "हात पाहा, राबलेले हायेत."

मी मागं वळून पाहिलं. माय दाराशी उभी होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. ते हात तुझेच आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं. राग उरला होता म्हणा, लाज वाटली म्हणा, त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. ती जाईपर्यंत, घरात चार माणसं आली की हात पदराखाली घ्यायची.