दुखवट्याचा रंग

आमच्या नाशकात खरा रंग रंगपंचमीला. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं असेल, तिथे त्या दिवशी नातेवाईक येऊन रंग टाकतात. तिथून दुखवटा संपला असं धरायचं. यंदा ते घर आमचं होतं. जाऊबाईंचा आधीच फोन आला, "रंग आम्हीच आणतो, तू काही करू नकोस." मला मात्र बाजारचा रंग नको होता.

नवरा दर फाल्गुनात मला कळवणकडच्या डोंगरावर पळस बघायला न्यायचा. रंगासाठी फुलं आणायची, हे नुसतं निमित्त. झाडावरची तोडायची नाहीत, खाली पडलेलीच वेचायची, हा त्याचा कायदा. चढताना दम लागला तर कबूल करायचा नाही, थांबून कुठेतरी बोट दाखवायचा, "तो पांगारा बघ." मी बघायचे, तेवढ्यात साहेब श्वास घ्यायचे. मला सगळं कळायचं, पण मी बघत राहायचे.

यंदा एकटीच गेले. पायवाट तीच, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, आणि पानं झडलेल्या पळसांवर फुलंच फुलं. मधल्या वळणावर मलाही दम लागला. थांबले आणि नकळत बोट वर गेलं. समोर पांगारा खरंच फुलला होता. शेजारी कोणी नव्हतं. तो हवा होता, बस. लोक म्हणतात हळूहळू सवय होते; मला ती व्हायला नको होती. दगडावर बसून पोटभर रडले, मग पिशवी भरली. एकही फूल तोडलं नाही.

घरी फुलं पातेल्यात उकळली, पाणी केशरी झालं. रंगपंचमीला त्याचा लग्नाकार्यातला पांढरा सदरा काढला आणि साडीवरच चढवला.

जाऊबाई रंगाची पुडी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, भावोजींचा चांगला सदरा तो. आमचा रंग धुतला की जाईल तरी. या पळसाचा डाग जायचा नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी पुडी कमरेला खोचली, ओंजळ भरली आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर ओतली.

"संपला गं दुखवटा," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली, आणि सदरा ओला तसाच अंगावर वाळू दिला.