दोघांची नाव

मी फौजेत इंजिनिअर रेजिमेंटला होतो. रोइंगच्या भारतीय संघात निवड झाल्याचं कळलं तेव्हा सुट्टीवर भिलाईला होतो. बाबा प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर. त्यांना बातमी पटेना.

"आमाले वाटलं तू बंदूक चालवून राहिला. तू तं नाव चालवून राहिला!"

"बाबा, परदेशात जायचं आहे. एशियातले सारे देश येऊन राहिले तिथं."

"मंग हारून येऊ नको."

आमची नाव दोघांची, प्रत्येकाकडे एकच वल्हं. जोडीदार नायक भंवरलाल, राजस्थानच्या वाळवंटातल्या बाडमेरचा. भरती होईपर्यंत त्याने वाहती नदी पाहिली नव्हती. पोहायला तो फौजेतच शिकला. रोज पहाटे आम्ही पाण्यात, आणि आमचे कोच सुभेदारसाहेब किनाऱ्यावरून सायकलवर, मेगाफोनमधून शिव्या देत.

फायनलला सहा नावा. अंतर दोन हजार मीटर. अर्ध्यापर्यंत आम्ही तिसरे होतो. तिथे वारा सुटला. माझं वल्हं लाटेत अडकलं आणि मूठ छातीवर आदळली. नाव जवळजवळ थांबली. दोन नावा ओलांडून गेल्या. मला श्वास घेता येईना.

पाठीमागून भंवरलाल म्हणाला, "चप्पू निकाल. सीधा बैठ. तीन पे, मेरे साथ."

त्याने मोजलं. मी ओढलं. छातीत कळ येत होती, तरी नाव पुन्हा धावू लागली. शेवटच्या टप्प्यात एक नाव मागे पडली. दुसरी अगदी बरोबरीला होती. फिनिशचा भोंगा वाजला तेव्हा पुढे कोण, कुणालाच कळलं नाही. फोटो पाहून निकाल दिला. बोर्डावर तिसरं नाव भारताचं होतं. सुभेदारसाहेब बुटांसकट पाण्यात शिरले आणि आम्हा दोघांना एकदमच मिठी मारली.

तिरंगा वर गेला. आम्ही सॅल्यूट केला.

भिलाईशेजारच्या दुर्ग स्टेशनवर बाबा शिफ्टमधली माणसं घेऊन आले होते, ढोल-ताशासकट. मेडल स्वतःच्याच गळ्यात घालून प्रत्येकाला सांगत होते, "माह्या पोरानं आणलं!"

पुढे भंवरलालची पोस्टिंग सीमेवर झाली. चौकीवरच्या गोळीबारात तो शहीद झाला. मी बाडमेरला गेलो. त्याच्या पत्नीने घुंगटाआडून एकच विचारलं, "पानी में वो कैसे दिखते थे?"

"भाभी, वो मेरे पीछे बैठते थे," मी म्हणालो. "रेस में कभी देखा नहीं. सिर्फ साँस सुनी."