भिंतीपासून लांबची खुर्ची

फोन आला तेव्हा मी निंबोल्याच्या मळ्यात केळीच्या घडाला टेकू देत होतो. पलीकडून मधूच्या हाताखालचा इम्रान बोलत होता, "काका, साहेब सकाळी उठलेच नाहीत..." मी टेकू सोडला नाही. नीट रोवला, मग बांधावर बसलो. तोंडातून पहिलं निघालं ते असं, "आणि बोगदा?" लोक म्हणतील म्हातारा दगडाचा आहे. म्हणू देत.

मधू माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून बायकोनंच त्याला सिंधीपुऱ्यात वाढवला. ती गेल्यावरही तो दरसाल माझ्याकडे येऊन राहायचा. काम बोगद्यांच्या मोजणीचं. समुद्राखाली दोन्ही काठांकडून यंत्रं खोदत यायची आणि मधे गाठ पडायची. ती गाठ बरोबर पाडायची जबाबदारी ह्याची. मी चौथी शिकलेला, मला ते केळीवरून कळलं. लागवडीची दोरी ह्या बांधावर बोटभर हलली की त्या बांधापर्यंत ओळ शेजारच्या ओळीत घुसते. पण मळ्यात निदान दिसतं तरी. तिथं ना आभाळ, ना खूण. बोगद्याच्या तोंडाशी धरलेली दिशा आत आत वाहून न्यायची, बस. मी त्याला म्हटलं, "आपल्या कुंडी भंडाऱ्यात जमिनीखालच्या नहरावर विहिरीसारख्या कुंड्या आहेत ना, तशा खोदा मधे मधे. वरून ओळंबा सोडा." तो पोट धरून हसला. "दाजी, वर समुद्र आहे! कुंडी खोदली तर साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचे मासे होतील."

मागच्या खेपेला मात्र हसला नाही. आल्या आल्या भिंतीलगतची खुर्ची ओढून खोलीत मधोमध ठेवली. ही त्याची जुनी खोड. बोगद्यात भिंतीलगतची हवा कुठं गार, कुठं गरम. तिच्यातून दुर्बिणीची नजर वाकते, सरळ दिसतं ते सरळ नसतं. म्हणून यंत्र भिंतीपासून लांब मांडायचं. तीच सवय घरी. बायको चिडायची, "मध्या, हे घर आहे, चौक नाही. झाडू कुठून मारू?" तर त्या दिवशी खुर्ची ठेवली, पण बसला नाही. नुसत्या येरझारा. काय झालं विचारलं. म्हणाला, आत वाहून आणलेली दिशा एक सांगते आणि पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर दिशा शोधणारं यंत्र दुसरंच सांगतं. फरक केसाएवढा, पण पुढं वाढत जाणारा. त्यानं यंत्राचं ऐकून खोदाई किंचित वळवली होती. बाकीचे नको म्हणत होते.

"आणि तूच चुकला असशील तर?"

"गाठ पडायच्या दिवशी कळेल, दाजी. त्याआधी कुणालाच नाही."

"मग आता जेव तरी."

जेवला कुठं? भाकर मोडत बसला... ती आमची शेवटची भेट.

गाठ अजून पडलेली नाही. मी इम्रानला सारखा फोन करतो. तो बिचारा न कंटाळता सांगतो, "काका, थोडं राहिलंय. पडली की पहिला फोन तुम्हाला." मळ्यात जातो, अर्ध्या वाटेतून परत येतो. मोबाईल खिशात आहे का, हात लावून बघतो. बायको गेली तेव्हा रडलो, पण असा भिरभिरलो नव्हतो. तिचं सगळं करून झालं होतं. ह्याचं अर्धं समुद्राखाली राहिलंय. आणि बातमी चांगली आली तरी सांगायची कुणाला? ऐकायला हवी होती ती दोघंही नाहीत... तरी मला कळायला हवं.

भेटायला येणारी माणसं खुर्ची सरकवून भिंतीला लावतात. ती गेली की मी उठतो आणि पुन्हा मधोमध आणतो. येता-जाता गुडघ्याला लागते. लागू दे. पोराची रेघ खरी निघाली की नाही हे कळेपर्यंत ती भिंतीला जायची नाही.